साडूची बायपास आणि माझी तार

या जगात माझ्यापेक्षा जास्त आजारी पडायचा हक्क एकाच माणसाला आहे आणि तो माणूस म्हणजे आमचे साडू, असं माझ्या सासुरवाडीने एकमताने ठरवून टाकलेलं आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, साखर कारखान्यातून निवृत्त, घरामागे गोठा, गोठ्यात चार म्हशी, आणि आवाज असा की लांबच्या गारगोटीला सासूबाईंशी फोनवर बोलतात तेव्हा मधल्या फोनची गरज काय, असा प्रश्न पडावा. लग्न झाल्यापासून मी या माणसावर जळत आलो आहे. सासुरवाडीला गेलं की पहिलं ताट त्यांचं, मटणातली नळी त्यांची, निघताना गाडीवर बांधलेलं तांदळाचं पोतं त्यांचं. आणि मला 'तुम्ही शाहूपुरीतली माणसं, तुम्हाला काय कमी' म्हणून हातात नारळ. त्यांना मूलबाळ नाही, पण तिथेही मला पुढे जाता आलं नाही. आमच्या लेकीला, शुभाला, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत बावड्याला न्यायचे आणि सुट्टी संपली की ती हंबरडा फोडत घरी यायची. 'मला काकांकडंच ठेवा' असं ती एकदा भर जिन्यात ओरडली होती आणि खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून माझ्याकडे संशयाने बघत होते. मनातल्या मनात मी साडूंना एकेरीतच बोलतो. इथे आदराने लिहितो आहे, कारण हे बायको वाचणार आहे.

निदान दुखणं तरी आपलं स्वतःचं असावं की नाही? हृदयविकार आमच्या नात्यात पहिल्यांदा मी आणला. बँकेतली नोकरी संपत आली असताना माझ्या छातीत कळ आली, डॉक्टरांनी मनगटातून तार घालून आत एक स्प्रिंग बसवली आणि मी घरी येऊन भेटायला येणाऱ्यांची वाट बघत पडलो. दोन-चार जण आले असतील नसतील, तोवर बातमी आली की साडूंची बायपास झाली. झालं! जे माझ्याकडे यायला निघाले होते ते वाटेतूनच बावड्याकडे वळले. माझी सख्खी बहीण माझ्यासाठी घेतलेली मोसंबी तिकडे देऊन आली. पुढे साडूंनी त्या बायपासचं जे काही केलं ते बघून माझी स्प्रिंग आतल्या आत गंजली असेल. सदऱ्याची वरची बटणं त्यांनी त्या दिवसापासून कधी लावलीच नाहीत. दुधाचं गिऱ्हाईक असो, लाइट बिलवाला असो, लग्नात समोरच्या पंगतीला बसलेले अनोळखी व्याही असोत, छातीवरची उभी खूण दाखवून ते सांगायचे, "हितनं हितपातूर फाडलंय. करवतीनं, व्हय!" एका साखरपुड्यात कुणीतरी चुकून माझ्याही तब्येतीची चौकशी केली, तर मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाले, "पावण्यांचं काय न्हाय वो. मनगाटातनं नुस्ती तार घातली. मोरी तुंबल्यावर घालत्यात न्हवं का, तशी." सगळा मांडव हसला. मी हळूच बाही वर करून मनगट बघितलं. तिथे डास चावल्याएवढीही खूण शिल्लक नव्हती.

मला ते 'पावणं' म्हणतात. इतकी वर्षं झाली, एकमेकांच्या घरी जेवणं झाली, भांडणं झाली, तरी मी पावणाच. डॉक्टरांनी त्यांचा तांबडा-पांढरा रस्सा बंद केला तेव्हा त्यांनी गोळ्यांनाच तांबडी आणि पांढरी अशी नावं दिली, आणि जेवताना दोन्ही ताटात मिठाशेजारी वाढून घेऊ लागले. "पावणं, तांबडी आधी का पांढरी आधी?" असं मला विचारायचे आणि मी बँकेतल्या माणसाला शोभेल असं नीट उत्तर द्यायला लागलो की दोन्ही एकदम तोंडात टाकायचे. दिवाळीच्या पाडव्याला बावड्यात म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं रंगवलेल्या, गळ्यात घुंगरांचे पट्टे घातलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागे धावतात. बायपासनंतरच्या पाडव्याला गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तर हा माणूस पुतण्याच्या मागे उलटा बसला आणि म्हशीकडे तोंड करून आरोळ्या देत सगळं बावडं फिरला. आमच्या सौभाग्यवतीने ते मोबाईलवर टिपलं आणि मला दाखवून म्हणाली, "बघा आमचे दाजी! नाहीतर तुम्ही, जिना चढताना कठडा सोडत नाही."

मग कोरोना आला. म्हाताऱ्यांनी आणि हृदयाच्या रुग्णांनी घराबाहेर पडू नये, असं टीव्हीवर सांगायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी आणि साडू एका रांगेत आलो. तार घातलेले आणि करवतीने कापलेले असा भेद त्यात कुणी केला नव्हता. मला आत कुठेतरी बरं वाटलं. पण त्यापुढचं मात्र कुणालाच धड सांगता येईना. हृदयवाल्यांना हा रोग लवकर धरतो, की धरल्यावर सोडत नाही? सकाळी चालायला जावं, की गच्चीवरही जाऊ नये? कुणी म्हणायचं, रक्तदाबाच्या गोळीनेच तो आत शिरतो, गोळी बंद करा. संध्याकाळी दुसरा सांगायचा, गोळी बंद कराल तर कोरोना यायच्या आधीच जाल. मी आमच्या डॉक्टरांना फोन केला. भला तरुण माणूस. म्हणाला, "गोळ्या अजिबात बंद करू नका. बाहेर शक्यतो पडू नका. सध्या तरी." या 'शक्यतो'ने आणि 'सध्या तरी'ने माझी झोप उडवली. मी बेडरूममध्ये शिरलो आणि दार लावून घेतलं. बायको स्टुलावर ताट ठेवून, दार वाजवून मागे सरायची. समोरच्या इमारतीतले माझ्याच वयाचे एक गृहस्थ ॲम्ब्युलन्समधून गेले ते परत आले नाहीत, तेव्हापासून मी खिडकीही बंद केली.

साडूंनीही त्याच डॉक्टरांना फोन लावला होता. पण त्यांची शंका निराळी. "साहेब, घराभायेर पडायचं न्हाय, बरुबर हाय. खरं, घर म्हंजे कुठवर?" डॉक्टर म्हणाले, उंबऱ्याच्या आत. "कुठला उंबरा? सोप्याचा, परड्याचा, का गोठ्याचा?" लगेच पुढची शंका, "आणि भावकीचं घर भितीला भीत लावून हाय. मधलं दार हाय. त्ये आत धरायचं का भायेर?" शेवटी टेकीला येऊन डॉक्टर म्हणाले, "आजोबा, जिथं माणसांचा वावर कमी तिथं राहा." एवढंच पाहिजे होतं. घरात भावकीतली माणसं दिवसभर येणार-जाणार. माणसं नसलेली जागा एकच, गोठा. त्याच दुपारी साडूंनी खाट, पंखा, रेडिओ आणि तांबड्या-पांढऱ्या गोळ्या गोठ्यात हलवल्या. सहा फुटांचं अंतर ठेवा म्हणतात, तर त्यांनी म्हशीचं दावं मोजून बघितलं, ते तेवढंच भरलं. मग कुणीही आलं की "दाव्याच्या पल्याड!" अशी हाळी उठायची आणि मोठमोठी माणसं मुकाट दावं संपेल तिथे उभी राहायची. दूध घालायला त्यांनी भिंतीवरून पाण्याच्या पाइपचा एक तुकडा बाहेर काढला. आतून हे ओतणार, बाहेर गिऱ्हाइकाने भांडं धरायचं. माणसाचं तोंड दिसत नसे, पण भिंतीपलीकडच्या प्रत्येकाची चौकशी होत असे, आणि बायपास ऐकून घेतल्याशिवाय कुणालाही पूर्ण माप मिळत नसे.

हे सगळं मला बंद दारातून ऐकू यायचं. बायकोचं रोज बहिणीशी बोलणं व्हायचं आणि नंतर दाराबाहेर उभी राहून ती मला बातम्या द्यायची. "दाजींनी आज म्हशी धुतल्या. दाजी म्हणे रेडिओवर भजन लावतात, म्हशी दूध वाढवून देतात." एकच रोग, एकच सल्ला, एकच डॉक्टर, आणि मी पंख्याच्या पात्यांवरची धूळ बघत पडलेला, तर ते उघड्या हवेत, ताज्या धारेचं दूध पीत, आख्ख्या गल्लीशी गप्पा मारत हृदय जपत होते. उशीत तोंड खुपसून मी त्यांना मनसोक्त एकेरीत बोललो.

आणि अशात शुभा माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. जावईबापूंनी पुण्याहून पास काढून तिला आणून सोडलं आणि ते परत गेले. आमचं घर दोन खोल्यांचं. तिला दवाखान्यात न्यायचं-आणायचं, म्हणजे बाहेरचा वारा घरात येणार, आणि घरात मी. बायकोने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण काका थोडे दिवस वेगळे राहिले तर बरं." मला कुठे वेगळं ठेवायचं हे ठरवायला आमच्या घरात वेळ लागला नाही. मी 'पण' म्हणेपर्यंत माझी पिशवी भरलेली होती. तिकडून फोनमधून आवाज आला, "पावण्यास्नी लावून द्या हिकडं. एक खाट हाय शिल्लक." म्हणजे माझ्या नातवंडासाठी माझ्याच घरातून मी बाहेर, आणि तेही कुठे, तर साडूंच्या गोठ्यात.

तिथलं काय सांगू? मला त्यांनी पंख्याखालची चांगली खाट दिली आणि स्वतः रेडकाशेजारची घेतली, त्यामुळे तक्रार करायचीही सोय राहिली नाही. पुतण्याने ऑक्सिजन मोजायचं, बोटाला लावायचं यंत्र आणून दिलं होतं. सकाळी चहाच्या आधी आम्ही दोघं ते आलटून पालटून लावायचो, आणि साडूंचा आकडा माझ्यापेक्षा हटकून एकाने जास्त यायचा. मी श्वास कोंडून, बोट चोळून, उन्हात बसून सगळं करून बघितलं. एके दिवशी त्यांनी ते म्हशीच्या कानाला लावलं. आकडा येईना. "यंत्र बिगाडलंय," म्हणून त्यांनी ते भिंतीतल्या दिवळीत टाकून दिलं, तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं. संध्याकाळी गोठ्याच्या दारात बसून टीव्हीवर त्या दिवशी काय सांगितलं याची आम्ही चर्चा करायचो. कालचं आज बदललेलं असायचं. "ह्येंचं एक ठरंना," साडू म्हणायचे, "आपून कुटवर थांबायचं?" हा प्रश्न माझ्याही मनात होता, पण तो असा मोठ्याने विचारायची मला भीती वाटायची. स्प्रिंग घातलेल्या माणसाला 'थांबा' म्हणणाऱ्याने 'किती' हेही सांगायला हवं.

शुभाला मुलगी झाली. फोन माझ्याकडे आला, मी तो कानाला लावून नुसता उभा होतो, आणि साडूंनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखून भिंतीवरून गल्लीला ओरडून सांगितलं, "आमास्नी नात झाली ओ!" आमास्नी! माझी मेहुणी, म्हणजे साडूंची बायको अक्का, परड्यातून धावत आली आणि दाव्यापलीकडे उभी राहून डोळे पुसायला लागली. त्या दिवशी भिंतीवरच्या पाइपमधून सगळ्या गल्लीला फुकट दूध मिळालं आणि सगळ्या गल्लीने साडूंचं अभिनंदन केलं. दोन-तीन लोकांनी माझंही केलं, 'तुम्हीही असता का इथं?' असं म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलवर बाळ बघायचं. पण गारगोटीहून सासूबाईंचं फर्मान आलं होतं: सव्वा महिना होईस्तोवर बाळाचा फोटो नाही, व्हिडिओ नाही, दृष्ट लागते. माझ्या मुलीने एमबीए केलं आहे, पण आजीपुढे तिचं काही चाललं नाही. म्हणजे बघायचं तर डोळ्यांनीच. आणि मला जायला बंदी. बायको म्हणाली, "तुम्हाला काही झालं तर मी बाळंतीण सांभाळू का तुम्हाला?" मी गोठ्यातच राहिलो. पण साडू! साडूंनी सांगितलं, बाळंतिणीला दूध आपल्याच म्हशीचं जाणार आणि मीच नेणार. अक्का आडवी आली. "दूधवाल्यास्नी परवानगी हाय," साडू म्हणाले, "आणि रस्त्यावर माणूसच न्हाय, मग त्ये भायेर कसं झालं?" तोंडाला दोन मास्क आणि वर टॉवेल बांधून रोज सकाळी हा माणूस मोटारसायकलवरून शाहूपुरीला जायचा. आमची बायको गॅलरीतून दोरीने पिशवी खाली सोडायची, हे तिच्यात किटली ठेवायचे आणि परत यायचे. म्हणजे माझी नात माझ्या आधी यांनी बघितली!

ते परत आले की मी खाटेवर वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत बसलेला असायचो. आता सांगतील, मग सांगतील. ते गाडी लावायचे, हातपाय धुवायचे आणि म्हणायचे, "दूध घातलं." बस. नाक कसं आहे, रंग कुणावर गेलाय, रडते का, काही नाही. विचारायला माझा जीव तडफडत होता, पण यांच्या तोंडून माझ्या नातीचं वर्णन ऐकायचं म्हणजे ती साखरपुड्यातली मोरीची तार पुन्हा घालून घेण्यासारखं होतं. मी विचारत नसे आणि ते सांगत नसत. मला वाटे, मुद्दाम लपवतो आहे, एकटाच चघळत बसला आहे. एकदा ते वैरण टाकता टाकता स्वतःशीच हसले, तेव्हा मला खात्रीच पटली. छातीत धडधडायला लागलं. त्यातच गल्लीच्या तोंडाशी राहणारा एक धडधाकट माणूस चार दिवसांच्या तापात गेला. मला सरळ भीती वाटली की मी न बघताच जाणार.

मी डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. म्हटलं, "साहेब, एकदाच. रस्त्यावरनं, लांबनं, मास्क लावून नात बघून आलो तर?" ते म्हणाले, "काका, खरं सांगू? मला माहीत नाही. पुस्तकात हे नाही, आणि वरून रोज वेगळं सांगतात. माझे वडीलही हार्टचे पेशंट आहेत. ते रोज माझ्याशी यावरनंच भांडतात." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. साडू म्हशीखाली बसून सगळं ऐकत होते. ते उठले. "झालं की मग," म्हणाले, "त्येंनाबी ठावं न्हाय, आपल्यालाबी ठावं न्हाय. चला पावणं. बसा मागं."

किटली मांडीवर धरून मी मागे बसलो. कोल्हापूर इतकं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं. दाभोळकर कॉर्नरच्या अलीकडे पोलिसाने काठी आडवी केली. "कुठं निघालासा आजोबा?" साडू म्हणाले, "बाळंतिणीचं दूध हाय." पोलिसाने माझ्याकडे काठी वळवली. "आणि ह्ये?" "त्ये किटली धराय आल्यात." मी टॉवेलच्या आत दात-ओठ खाल्ले. वर साडू म्हणाले, "दोघंबी हार्टचं पेशंट हाय साहेब, लौकर सोडा, हितंच काय झालं तर तुमास्नीच तरास." पोलीस दोन पावलं मागे सरला.

आमच्या इमारतीसमोर गाडी थांबली. साडूंनी हॉर्न वाजवला. पिशवी खाली आली, किटली वर गेली, आणि बायकोने मला बघितलं. तिचा हात कपाळावर गेला. मग ती आत वळली आणि शुभाला घेऊन आली. शुभाच्या हातात पांढऱ्या दुपट्यातलं एक गाठोडं होतं. तिने ते गॅलरीच्या कठड्याजवळ आणून जरा तिरकं धरलं. मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. खालून काय दिसणार? एक मूठ दिसली, गुलाबी, दुपट्यातून बाहेर आलेली. ती उघडली आणि मिटली. चष्म्यावर वाफ धरली म्हणून मी तो काढला, तर तेवढंही दिसेना, म्हणून पुन्हा घातला. माझ्या नातीची मूठ होती ती.

आनंदाच्या भरात मी साडूंना दाखवायला वळलो, तर हा माणूस समोरच्या बंद दुकानाच्या शटरकडे तोंड करून उभा. हात पाठीमागे, मान खाली, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. "दाजी, तिकडं काय बघताय?" मी म्हणालो. वरून शुभाचा आवाज आला, "बाबा, ते रोज असेच उभे राहतात. मी म्हटलं काका, दाखवते की बाळ, तर म्हणाले, न्हाय, आधी तुज्या बाबानं बगायचं. त्येचा मान हाय."

शटरकडे तोंड ठेवूनच साडूंनी विचारलं, "बगितलासा का पावणं? पोटभर?" मी त्यांच्या खांद्याला हात लावला, दाव्याचं अंतर मोडून. मला या माणसाचा आयुष्यभर हेवा वाटत आला आहे, त्याच्या ताटाचा, त्याच्या आवाजाचा, त्याच्या छातीवरच्या खुणेचा. पण त्या सकाळी वाटला तेवढा कधी वाटला नव्हता, आणि तो अजून उतरलेला नाही. रोज सकाळी, एवढ्या जवळ येऊन, नुसती पाठ फिरवून परत जायचं. मला एक दिवसही जमलं नसतं.

"बघा आता," मी म्हणालो. ते वळले आणि वर बघत राहिले. टॉवेल सुटून खांद्यावर आला तरी त्यांना कळलं नाही. मग एकदम हळू आवाजात, इतक्या हळू की मला जवळ सरकावं लागलं, ते म्हणाले, "गाल आमच्या हिच्यावानी हैत, न्हवं?"

गाल दुपट्यात होते. गाल मलाही दिसले नव्हते आणि त्यांनाही दिसत नव्हते.

"व्हय," मी म्हणालो. "थेट अक्कासारखे."